सोमलिंग मास्तरांचं पांढरं

माझा धंदा मंडपाचा. लग्न असो, जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो, खुंटे ठोकायला आणि कापड ताणायला आबासाहेबाची माणसं. तीस वर्षांत मी लई माणसं बघितली आणि लई फजित्या बघितल्या. पण मागच्या वर्षी होटगीच्या पुढं माळावर पाच कापडं अंथरली आणि त्यापायी जो धक्का बसला, तो अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. सांगताना सगळ्यांची नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. त्याला कारण आहे.

सोमलिंग मास्तर आमच्या गल्लीतले, वय त्रेसष्ट. अक्कलकोटकडच्या खेड्यातून सतराव्या वर्षी सोलापुरात आले, एमआयडीसीतल्या एका रंगाईच्या कारखान्यात ओली कापडं डोक्यावरून वाहू लागले आणि वाहता वाहता तिथले शेड मास्तर झाले. शेड मास्तर म्हणजे काय ते मला विचारा, कारण लोकांना वाटतं रंग कालवणारा. कालवणारे दुसरे. व्यापारी एक चिंधी आणून टाकतो, म्हणतो हजार चादरी ह्याच रंगात पायजेत. कालवलेला रंग त्या चिंधीला जुळला का नाही, हे जो नुसत्या डोळ्यानं सांगतो तो शेड मास्तर. त्याची मान हलली की लॉट बाहेर, नाही हलली की परत टाकीत.

मास्तरांची रीत ठरलेली. ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही. सकाळी अकराच्या सुमाराला उत्तरेच्या दारात उभं राहायचं, आधी मिनिटभर समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडं बघत डोळा निववायचा, मग कापड हातात घ्यायचं. रंगीत शर्ट त्यांनी जन्मात घातला नाही, त्याचा रंग कापडावर पडतो म्हणून. एकदा एका व्यापाऱ्यानं थट्टा म्हणून एकाच ताग्याचे दोन तुकडे पुढं ठेवले. मास्तर म्हणाले, हा नळाच्या पाण्यात धुतलाय आणि हा बोअरच्या. व्यापारी गारच पडला, कारण ते खरं होतं. घरात दाक्षायणीवहिनींशी कानडी, बाहेर मराठी, आणि शिव्या दोन्ही भाषांतून, असा हा माणूस. त्याच्याकडं जमीन नाही, शिक्षण नाही, होता तो डोळा. त्या डोळ्यावर पोरांची शिक्षणं झाली, घर झालं, आणि गल्लीत मान मिळाला.

आता काव्या. आमच्या सोलापूरचीच पोरगी, इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकली, पुण्याच्या एका छोट्या कंपनीत लागली. ही कंपनी विमानात आणि उपग्रहात बसवायचे कॅमेरे बनवते. आपल्या मोबाइलसारखा फोटो काढणारा कॅमेरा नव्हे. जमिनीवरून जो उजेड वर जातो, त्याच्या दोनशे चिरफळ्या करून हा कॅमेरा प्रत्येक चिरफळी वेगळी मोजतो, आणि त्यावरून ऊस तहानलेला आहे का रोगट आहे, हे वरच्या वर सांगतो. काव्यानं दोन वर्षं राबून त्याचा आतला भाग जुळवलेला. आधी तो विमानातून तपासायचा, पास झाला तर त्याचा जुळा भाऊ उपग्रहावर जाणार.

पण तपासायचा कसा? तिनं मला सोप्या भाषेत सांगितलं. जमिनीवर दहा बाय दहा मीटरची पाच कापडं अंथरायची, एक पांढरं, तीन करडी, एक काळं. प्रत्येक कापड किती उजेड परत पाठवतं ते आधी लॅबमध्ये मोजून ठेवायचं. पांढऱ्याचं म्हणजे शंभरातलं ब्याऐंशी, सगळ्या रंगांत सारखं. मग वरून विमान न्यायचं. कॅमेऱ्यानंही ब्याऐंशीच सांगितलं तर कॅमेरा खरा. अशी कापडं परदेशातून येतात आणि यायला सहा-सहा महिने लागतात. काव्या म्हणाली, ज्या गावानं सगळ्या देशाला चादरी घातल्या त्या गावात पाच कापडं होत नाहीत का? म्हणून ती मास्तरांकडं आली.

एकच अट होती. पांढऱ्याला टिनोपाल लावायचं नाही. टिनोपाल म्हणजे पांढरं कापड झगझगीत दिसावं म्हणून शेवटच्या पाण्यात टाकतात ती पावडर. मास्तरांनी अट ऐकली, कागदावर सही केली. कापडं त्यांच्या हाताखालचा कुंडलिक आणि त्यांनी मिळून केली, शिवली माझ्या शिंप्यानं, आणि अंथरली माझ्या पोरांनी. त्या दिवशी माळावर ऊन रणरणत होतं आणि ते पांढरं असं दिसत होतं की बघवेना. मी मास्तरांना म्हणालो, मास्तर, सोलापूरचं नाव काढलं. काव्याचा साहेब उदयसिंह, तोही म्हणाला की असं पांढरं परदेशी कापडातसुद्धा बघितलं नाही. विमान चार वेळा डोक्यावरून गेलं आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काव्याचा फोन आला तो रडका. काळं जुळलं, तिन्ही करडी जुळली, पांढरं जुळेना. निळ्या उजेडात कॅमेरा ब्याऐंशीच्या जागी अठ्ठ्याण्णव सांगत होता. उदयसिंहनं निष्कर्ष काढला की उजेड जास्त झाला की कॅमेरा निळ्यात बहकतो, दोष आतला आहे. कॅमेरा उद्या पुण्याला परत न्यायचा आणि उघडायचा. एकदा उघडला की तीन-चार महिने गेले, विमान तोवर दुसऱ्या राज्यात जाणार, आणि उपग्रहाचं काम थांबणार. काव्याच्या दोन वर्षांची माती.

मग ती चाचरत म्हणाली, आबाकाका, माळाच्या कडेला चुन्याच्या भट्टीचा ढीग होता ना, तोही जवळपास तेवढाच पांढरा आहे, आणि त्याच्यावर कॅमेरा अजिबात बहकलेला नाही. मला कापडाचीच शंका येतेय.

माझं डोकं सटकलं. मी तिला नाही नाही ते बोललो. म्हणालो, चाळीस वर्षांच्या डोळ्यावर शंका घेतेस, तुझा कॅमेरा गेला खड्ड्यात. लॅबमध्ये तूच मोजलंस ना ब्याऐंशी? ती म्हणाली, मोजलं, पण लॅबमधला दिवा पिवळा असतो, त्यात ऊन नसतं. उन्हात मोजायचं आमचं हातातलं यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. उन्हात डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो, जांभळ्याच्या पलीकडचा. कापडात टिनोपाल असेल तर ते तो उजेड पितं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. मग तिनं विचारलं, हळदीच्या कार्यक्रमात नाचायच्या वेळी तुम्ही ते जांभळे दिवे लावता, ज्यात पांढरे शर्ट पेटल्यासारखे दिसतात, ते आहेत का गोडाऊनला?

आहेत म्हणालो. मनात म्हणालो, ये आणि बघ, मास्तरांची सही म्हणजे सही. ह्या पोरीला सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचं म्हणून मी मुद्दाम मास्तरांना आणि कुंडलिकलाही बोलावून घेतलं. ही अक्कल माझी.

अकरा वाजता गोडाऊनचं शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. पांढऱ्या कापडाची घडी मधोमध उघडली आणि मी जांभळी नळी लावली.

कापड पेटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. शेजारची करडी कापडं काळी ठिक्कर आणि हे निळं रसरशीत, त्याच्या उजेडात आम्हाला एकमेकांची तोंडं दिसायला लागली. लग्नातला कुठला शर्ट मी असा पेटलेला बघितला नव्हता. काव्यानं तोंडावर हात ठेवला. मी मास्तरांकडं बघितलं तर ते त्या कापडाकडं बघतच नव्हते, खाली बघत होते.

"टाकलंय मी," ते म्हणाले. "कापड पिवळं दिसत होतं. पिवळं कापड पांढरं म्हणून माझ्या हातनं कसं जाईल? चिमूटभर टाकलं."

सही करून टाकलं होतं. हा माणूस, ज्याच्या शब्दावर हजार हजार चादरी बाहेर पडत, त्यानं सही मोडली होती, आणि का, तर पांढरं नीट पांढरं दिसावं म्हणून. मला राग यावा का रडू यावं कळेना. तेवढ्यात कुंडलिक बोलला. हा कुंडलिक मोडनिंबकडचा, पंचेचाळिशीचा, बैलासारखा राबणारा, आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. मास्तरांनीच त्याला हमालीतून उचलून रंगाच्या टाकीवर आणलेला.

"चिमूट न्हवं, मास्तर. तीन डाव टाकलं तुमी. मी म्हनलो की निळं मारतंय म्हणून."

मास्तर म्हणाले, तीन डाव टाकलं कारण तीन डाव पिवळंच दिसलं.

काव्या हुशार पोरगी. तिनं कुंडलिकला विचारलं, टिनोपाल घालायच्या आधीचा तुकडा आहे का. कुंडलिकच्या खिशात होता, तो प्रत्येक पायरीचा तुकडा ठेवतो. तिनं तो घेतला, झगझगीत कापडाचा एक कोपरा कापून घेतला, शटर वर केलं आणि दोन्ही मास्तरांच्या हातात दिले. आम्ही उत्तरेच्या अंगाला उभे होतो, मास्तरांच्या रीतीप्रमाणं. मी लांबून सांगू शकत होतो, एक साईसारखं होतं आणि दुसरं निळसर. शेंबडं पोर सांगेल.

मास्तरांनी आधी भिंतीकडं बघितलं, मिनिटभर. मग तुकड्यांकडं. उजवीकडचं डावीकडं धरलं, परत उजवीकडं.

"दोन्ही एकच हायत," ते म्हणाले. "दोन्ही पिवळट."

मास्तरांनी आमच्या तोंडांकडं बघितलं, एकेकाच्या, आणि त्यांना समजलं. "एनो इदु," म्हणजे हे काय, असं कानडीत पुटपुटत ते तिथंच कनातीच्या बोजावर बसले. काव्या त्यांच्यापुढं बसून सांगत होती की काका, मोतीबिंदू असेल, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड आतच येत नाही, ऑपरेशननं जातं. ते ऐकत होते का नाही देव जाणे.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच फिरत होतं आणि मला तोंड आवरत नाही. मी विचारलं, भिंग काही काल पिवळं पडलं नसेल. मग एवढी वर्षं कारखान्यातून एक लॉटसुद्धा परत कसा आला नाही?

कुंडलिकनं मान खाली घातली. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं आणि सांग म्हणाले. मग त्या मुखदुर्बळ माणसानं पाच वर्षांचं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी मास्तर पहिल्यांदा म्हणाले, पांढऱ्यात आणि थोडी पावडर टाक. कुंडलिकला दिसत होतं की कापड बरोबर आहे. तो वाटी घेऊन टाकीकडं गेला, रिकामीच वाटी पाण्यात बुडवली, आणि तेच कापड परत आणून दाखवलं. मास्तर म्हणाले, अजून थोडं. असं दोनदा-तीनदा करायचं, मग मास्तर म्हणायचे, आता बरोबर. रंगीत मालाचंही तसंच. मास्तर सांगतील ते ऐकायचं, टाकीत आपल्या डोळ्याला पटेल ते घालायचं. मालकानं शेड बघायचं मशीन घ्यायचं ठरवलेलं. मास्तरांची चूक एकदा जरी दिसली असती तरी त्यांना घरी बसवलं असतं, म्हणून कुणाला बोललो नाही म्हणाला. ह्या पाच कापडांच्या वेळी मात्र त्याचा इलाज चालला नाही. काम एवढं मोठं, म्हणून मास्तरांनी वाटी स्वतःच्या हातात घेतली होती.

आम्ही गल्लीत ज्या डोळ्याची फुशारकी मारत होतो, तो डोळा पाच वर्षं कुंडलिकचा होता, आणि हे त्या दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

मला वाटलं, आता मास्तर कुंडलिकच्या कानाखाली काढणार. ते उठले आणि काव्याला म्हणाले, तुझ्या साहेबाला फोन लाव. तिनं लावला. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"साहेब, सोमलिंग बोलतोय, कापडवाला. कॅमेऱ्याला हात लावू नका. कॅमेरा खरं सांगतोय. सही करून मी टिनोपाल टाकलंय, आनि मला दिसत न्हाय म्हणून टाकलंय. पांढरं उद्या नवीन मिळंल. ते माझा मानूस करंल, मी न्हाय."

फोन परत दिला आणि ते एकटेच चालत घरी गेले. कुंडलिकनं रात्रंदिवस एक करून नवं पांढरं काढलं, तिसऱ्या दिवशी विमान परत गेलं, आणि कॅमेऱ्यानं साडेब्याऐंशी सांगितलं. काव्यानं सगळ्यांना पेढे वाटले. मास्तर माळावर आले नाहीत.

पुढच्या सोमवारी मी त्यांना माझ्या गाडीतून डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. कुंडलिक दांडी मारून मोटारसायकलवर मागोमाग आलेला. मास्तर त्याच्याशी त्या दिवसापासून बोलले नव्हते आणि तो बाहेर बाकड्यावर बसला. आत मी आणि मास्तर गेलो. मला वाटलं, मोतीबिंदू आहे, अर्ध्या तासाचं काम.

बाईंनी तपासलं, दाब बघितला, परत तपासलं. मग मास्तरांचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, माझी बोटं किती? मास्तर म्हणाले, कुठली बोटं? बाईंचा हात त्यांच्या नाकापासून वीतभर होता. चाळीस वर्षं डोळ्यावर जगलेल्या माणसानं एक डोळा झाकून दुसऱ्यानं कधी बघितलंच नव्हतं.

बाईंनी शांतपणे सांगितलं. उजव्यात मोतीबिंदू, तो निघेल, चांगलं दिसेल. डाव्यात मोतीबिंदूबरोबर काचबिंदू. आतली शीर वाळून गेली, तो डोळा आता येत नाही. दुखत नाही, कळत नाही, हळूहळू जातो. मग त्यांनी विचारलं, रंगात फरक पडतोय हे कधी लक्षात आलं? तीन-चार वर्षांपूर्वी कुणी आणलं असतं तर डावा नक्की वाचला असता.

माझं रक्त डोक्यात चढलं. अगदी ओठावर आलं, पाच वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं की, बाई. बाहेर बाकड्यावर बसलाय तो. रिकामी वाटी पाण्यात बुडवत बसला. एक शब्द तोंडातून काढला असता, एक लॉट परत येऊ दिला असता, तर दुसऱ्या दिवशी मास्तर हितं असते. मी उठलोच होतो. मास्तरांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि बाईंना म्हणाले, उजव्याचं कधी करायचं ते सांगा.

आम्ही बाहेर आलो. कुंडलिक ताडकन उभा राहिला. हातात टोपी पिळत होता आणि मास्तरांच्या तोंडाकडं नुसता बघत होता, तेवढंही विचारायचं धाडस होईना. शेवटी म्हणाला, काय म्हनल्या बाई?

मास्तर त्याच्याकडं वळले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"उजवा हुईल," ते म्हणाले. "डावा वयानं गेलाय. घराण्यातच हाय म्हनल्या. कवाबी आलो असतो तरी गेलाच असता."

कुंडलिकनं सुस्कारा सोडला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, मग मास्तर, मीच धरतो हात, पायरी उंच हाय. मास्तरांनी त्याला हात धरू दिला. मी मागून चालत होतो. जन्मात मला कधी तोंड आवरलं नाही, ते त्या पायऱ्यांवर आवरलं, आणि घरापर्यंत गाडी चालवताना मला रस्ता धड दिसत नव्हता.